ग्रामसफाई आणि वालूरची बारव

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. मराठवाड्यातील अनेक जुन्या गावांप्रमाणे ह्या गावालाही दगडी बांधणीच्या बारवा लाभल्या आहेत. परंतु त्यांतील एक बारव इतरांहून निराळी आहे. सामान्यतः बारवेच्या पायऱ्या एका किंवा अधिक बाजूंनी सरळ खाली उतरतात. वालूरच्या ह्या बारवेत त्या चक्राप्रमाणे वळण घेत पाण्याकडे जातात. अशी घडण फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. अज्ञात पाथरवटांनी घडविलेली ही वास्तू कित्येक वर्षे मात्र उकिरड्यासारखी वापरली गेली. केर, माती, झाडोरा आणि अलीकडच्या काळात प्लॅस्टिक ह्यांनी ती भरून गेली. २०२१ च्या सुमारास वालूरच्या ग्रामस्थांनी श्रमदानाने हा कचरा उपसला व बारव पुन्हा उघडी केली. पुढे टपाल खात्याने महाराष्ट्रातील निवडक बारवांची चित्रे असलेली पोस्टकार्डे काढली, तेव्हा त्यांत वालूरच्या बारवेला स्थान मिळाले.

ह्या कामाचे कौतुक झाले, व ते योग्यच झाले. परंतु विस्तारकार्य करणाऱ्यांच्या दृष्टीने चित्रापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. जी बारव पिढ्यान्‌पिढ्या गावाला पाणी देत होती, तीत गावानेच कचरा का टाकला? आणि एकदा उपसलेल्या जागी तो पुन्हा पडू नये म्हणून काय करावे? पहिल्या प्रश्नाचा उलगडा झाल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही. हे केवळ वालूरचे कोडे नव्हे. जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या जुन्या गावांतही बारवा आहेत, आणि बारव नसलेल्या गावांत ओढा आहे, गावकूस आहे, शाळेमागची मोकळी जागा आहे. कचरा पडण्याची रीत सर्वत्र एकच असते.

बारव बांधली गेली त्या काळी पाण्याला दुसरी सोय नव्हती. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. त्याच्या फटींत आणि वरच्या मुरमात जे पाणी मुरते तेवढेच विहिरीस मिळते. म्हणून झरा जेथे लागेल तेथे खोल उतरून, दगडांनी कडा बांधून घेत आणि माणसाला घागर घेऊन पाण्यापर्यंत जाता यावे ह्यासाठी पायऱ्या करीत. पाणी कमी झाले की माणूस आणखी चार पायऱ्या खाली उतरे. अशा ठिकाणी कचरा टाकणे म्हणजे आपल्याच घागरीत कचरा टाकणे होते. त्यामुळे तेथे पाटी लावावी लागत नसे की दंड करावा लागत नसे. सकाळ-संध्याकाळ माणसांची ये-जा हीच राखण होती.

ही ये-जा थांबली ती काही एका दिवसात नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी झाल्या व त्यांवर हातपंप बसले. शेजारच्या जालना येथे घडलेल्या एका मजबूत हातपंपाला ‘जालना पंप’ असेच नाव पडले होते. पुढे नळयोजना आल्या. दुसरे कारण आरोग्याचे होते, आणि ते आजच्या तरुणांना बहुधा ठाऊकही नसेल. बारवेत उतरणारा माणूस पाण्यात पाय बुडवतो. नारू झालेल्या माणसाच्या पायावरील जखमेतून जंताची पिले त्या पाण्यात जात. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव ती गिळी. आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात सुमारे वर्षभराने नवा नारू वर येई. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला, पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिऊ नये असे लोकांना सांगण्यात आले, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हा सल्ला योग्यच होता. तो दिला गेला नसता तर पेरणीच्या ऐन दिवसांत पाय सुजून अंथरुणास खिळलेले शेतकरी आजही दिसले असते.

परंतु बारवेचे पाणी पिणे बंद करा असे सांगताना, त्या बारवेचे पुढे काय करावे हे कोणी सांगितले नाही. लोक उतरेनासे झाले. वापर गेला, त्याबरोबर राखण गेली. आधी कडेला राख पडली, मग गोठ्याचा केर, मग फुटकी कौले. आणि प्रत्येक नव्या पाटीला जुन्या ढिगाचा आधार मिळाला. वाटसरूस कचरा दिसतो त्या जागी तो निःशंकपणे आपल्याजवळची पुडी टाकतो; स्वच्छ जागी त्याचा हात क्षणभर तरी अडखळतो. जी जागा कोणाच्याच उपयोगाची उरत नाही, ती हळूहळू कोणाचीच राहत नाही. गावातील कचऱ्याचे मूळ लोकांच्या आळसात आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. आळस जितका सकाळी घरापुढे सडा घालणाऱ्या घरात असेल तितकाच तो इतरत्रही असणार. पण घरचा उंबरठा ओलांडला की जागेचा धनी दिसत नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणूनच वालूरच्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट ती बारव रिकामी झाली ही नसून ती कोणाच्या हातांनी रिकामी झाली ही आहे. यंत्र लावून किंवा ठेका देऊन हेच काम थोड्या दिवसांत उरकता आले असते. जुन्या चिऱ्यांना यंत्राचा धक्का लागून कडा ढासळण्याचा धोका असतो, हे एक. पण तो धोका नसता तरी ठेक्याने उपसलेली बारव पूर्वीसारखीच परकी राहिली असती. ज्याने गाळाची पाटी स्वतःच्या डोक्यावरून पायऱ्या चढून वर आणली आहे, तो तेथे पुडी फेकणाऱ्या मुलाला हटकल्यावाचून पुढे जात नाही. ते काम त्याला कोणी नेमून द्यावे लागत नाही. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, गावच्या कचऱ्यात मात्र त्याच्या पुड्यांची वाण कधी पडत नाही, हेही ह्या निमित्ताने नोंदवावे.) श्रमदानात जितकी घरे सामील, तितके डोळे त्या जागेवर पहारा करतात. पन्नास घरांतून एकेक माणूस दोन तास आला तर जे साधते, ते दहा उत्साही तरुणांनी आठवडाभर खपून साधत नाही. केवळ मातीचे माप घेतले तर दोन्ही कामे सारखी भरतील. पुढच्या पावसाळ्यानंतर जाऊन पाहिले तर भरणार नाहीत.

ह्यावर गावात दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला असा की, सफाई हे ग्रामपंचायतीचे काम आहे आणि त्यासाठी आम्ही घरपट्टी भरतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावच्या स्वच्छतेची जबाबदारी पंचायतीवर टाकलेली आहे, आणि श्रमदानाच्या आडून पंचायतीला त्या जबाबदारीतून सुटू देऊ नये. उचललेला कचरा नेण्यासाठी गाडी, तो ठेवण्यासाठी जागा, घमेली, फावडी, हातमोजे हे पंचायतीने पुरवलेच पाहिजे. आणि ग्रामसभेत ते मागितले पाहिजे. परंतु पंचायतीचा एखादा सफाई कामगार सबंध गावाचा केर रोज उचलू शकत नाही, आणि त्याने उचलला तरी तो टाकणारे हात तेच राहतात. पंचायत कचरा नेऊ शकते, कचरा न टाकणे हे काम ती कोणाच्या वतीने करू शकत नाही.

दुसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही. तो मनात राहतो. केर उचलणे हे आपले काम नव्हे, असे गावातील पुष्कळांना आजही वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ते काम ठराविक जातींवर लादले गेले, आणि ज्यांनी गाव स्वच्छ ठेवले त्यांनाच गावच्या पाणवठ्यावर जाण्याची मनाई होती. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला तो ह्याच अन्यायाविरुद्ध. तेव्हा आज एखाद्या बारवेची सफाई करताना पायऱ्यांच्या तळाशी पुन्हा त्याच वस्तीतील माणसे उतरवली आणि बाकीचे काठावर उभे राहून छायाचित्रे काढू लागले, तर त्याला श्रमदान म्हणता येणार नाही. ती जुनी वेठच होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या एका बाबतीत तरी भीड धरू नये. पाटी पहिल्याने कोणी उचलायची हे त्याने आधी ठरवून घ्यावे. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, शिक्षक आणि मोठे खातेदार ह्यांनी गाळात पाय घातला की उरलेल्या गावाला वेगळे निमंत्रण लागत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेतला आणि कीर्तन मग सांगितले. सेनापती बापटांसारख्या विद्वान माणसाने पारनेरचे रस्ते स्वतः झाडले. त्यांनी रस्ता किती झाडला हे आज कोणी मोजत नाही. हे काम कोणाचे, ह्या समजुतीला त्यांनी धक्का दिला तोच लोकांच्या लक्षात राहिला आहे.

स्त्रियांविषयीही एक शब्द. घरचा, अंगणाचा, गोठ्याचा केर त्या रोज काढतात. सार्वजनिक सफाईचे दोन तास पुन्हा त्यांच्याच माथी मारून पुरुषांनी पारावर बसणे योग्य नव्हे. मात्र कोणता कचरा कोठून येतो आणि तो टाकायला जवळपास दुसरी जागा का नाही, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नसते. म्हणून कामाआधीच्या बैठकीस त्यांना बोलवावे, आणि ती बैठक स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये.

सफाईचा दिवस निवडण्यात तर नेहमीच घोटाळा होतो. स्वच्छ भारत अभियान २०१४ साली २ ऑक्टोबरला सुरू झाले. गांधी जयंतीच्या दिवशी गावोगाव सफाईचा कार्यक्रम घेण्याची प्रथा आहे. दिवस पवित्र आहे ह्यात संशय नाही. पण परभणी जिल्ह्यातील शेतकरी त्या सुमारास सोयाबीनच्या काढणीत असतो. पाऊस डोक्यावर, मजूर मिळत नाही, शेंगा फुटण्याची धास्ती. अशा वेळी त्याला खराटा घेऊन बोलावले तर तो येणार नाही, आणि आला नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. मग शाळेतील मुले येतात, दहा मिनिटे झाडतात, अहवाल जातो. त्यापेक्षा गावाने आपल्या कामाच्या पंचांगात बसणारा दिवस धरावा. रब्बी ज्वारी व हरभरा घरात आल्यावर, गुढी पाडव्यापासून अक्षय तृतीयेच्या पुढेपर्यंत पहाटेचे दोन-अडीच तास बहुतेकांना काढता येतात. पाणी तळास गेलेले असते, त्यामुळे गाळ उपसण्यासही हाच काळ बरा. महाशिवरात्रीस बारवांमध्ये दिवे लावण्याची रीत ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’मुळे अनेक गावांत रुजू लागली आहे. रोहन काळे यांनी २०२० च्या सुमारास ही मोहीम सुरू केली. दिवे लावण्याआधी पायऱ्या झाडाव्याच लागतात. म्हणजे वर्षातून एक सफाई सणाच्या पदरी आपोआप पडते. जी गोष्ट सणाशी जोडली जाते ती कार्यकर्त्याची बदली झाली तरी चालू राहते, हा ह्यातला मोठाच लाभ आहे.

आता कचऱ्याविषयी. पुष्कळ ठिकाणी सफाई होते म्हणजे कचरा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी जातो. बारवेतून काढून तो ओढ्याच्या काठी ओतला तर पहिल्या मोठ्या पावसात तो कोणाच्या तरी शेतात उतरतो. तेव्हा पाटी भरण्यापूर्वीच ती कोठे रिकामी होणार हे ठरलेले असावे. शेतकऱ्याच्या गावात जो केर निघतो त्यातला मोठा भाग कुजणारा असतो. शेण, चाऱ्याची उष्टावळ, पालापाचोळा, राख ह्यांना कचरा म्हणणे हाच मुळी अपव्यय आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताओ पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवा खेळण्यासाठी भोके, आणि आत काडीकचरा, शेणकाला व माती ह्यांचे थरावर थर. एका टाक्यास काडीकचरा सुमारे चौदा-पंधराशे किलो लागतो. शेण मात्र नव्वद-शंभर किलो पुरते. ज्या घरी जनावरे कमी झाली आहेत त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ओलावा टिकवण्याकडे लक्ष नसले तर होत नाही, हेही सांगून ठेवले पाहिजे. मराठवाड्यात बांधून रिकामी राहिलेली टाकी कमी नाहीत, आणि त्यांचे कारण बहुधा उन्हाळ्यात पाणी न शिंपडणे हेच असते.

प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. ते कुजत नाही, आणि जाळल्यास विषारी धूर होतो. गावकुसाबाहेर टाकलेल्या पिशव्यांत उष्टे अन्न असले की गाई-बैल ती पिशवीसकट खातात. पिशव्या पोटात साठून गोळा होतो, जनावर रवंथ सोडते, फुगते, आणि कित्येकदा शस्त्रक्रियेवाचून वाचत नाही. बैलजोडीची आजची किंमत ज्याला ठाऊक आहे त्याला सार्वजनिक सफाईचे महत्त्व पटविण्यास निराळे व्याख्यान नको. राज्याने मार्च २०१८ मध्ये पातळ पिशव्या व थर्माकोलच्या भांड्यांवर निर्बंध घातले; लग्नसराईत मांडवामागे पाहिले असता त्यांचे पालन कितपत होते ते कळते. पळसाच्या पत्रावळी मिळतात तेथे त्या वापराव्यात. उरलेले प्लॅस्टिक कोरडे व वेगळे ठेवून पंचायतीने ते भंगारवाल्यास किंवा तालुक्याच्या संकलनास द्यावे. ओले व सुके एकत्र झाले की दोन्ही वाया जातात.

शेतकऱ्याने स्वतःच्याच हाताने टाकलेला आणि सर्वांत घातक असा एक कचरा आहे: कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या. त्या विहिरीच्या काठी, ओढ्यात, बांधावर सर्रास आढळतात, कारण फवारणीचे द्रावण पाण्याजवळच तयार केले जाते. बाटली रिकामी झाल्यावर ती तीन वेळा विसळावी आणि ते पाणी प्रत्येक वेळी फवारणीच्या पंपातच ओतावे. औषधही वाया जात नाही. नंतर बाटलीस भोक पाडावे, म्हणजे तीत कोणी तेल किंवा पाणी भरणार नाही. सफाईच्या वेळी अशा बाटल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. त्या हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसाने वेगळ्या पोत्यात भराव्यात व इतर भंगारात मिसळू नयेत.

बारवेतून निघालेला गाळ शेतात टाकावा की नाही, असे विचारले जाते. वरचा थर काच, पत्रा, प्लॅस्टिक व केस ह्यांनी भरलेला असतो; तो शेतात नेऊ नये. खालचा स्वच्छ गाळ वाळवून, चाळून, मुरमाड व हलक्या जमिनीत घातल्यास ओल धरून ठेवण्यास मदत होते. भारी काळ्या जमिनीत तो घालण्यात फारसा अर्थ नाही. तेथे चिकणमाती आधीच भरपूर आहे. भोवतालचे गाजरगवतही ह्याच वेळी काढावे, पण फुलावर येण्यापूर्वी, आणि उघड्या हातांनी नव्हे. त्याने अंगास खाज सुटते व पुरळ उठते. चिऱ्यांच्या सांध्यांत रुजलेली पिंपळ-उंबराची रोपे मात्र ओढून उपटू नयेत. मुळांबरोबर दगड निखळतो. ती कापून घ्यावीत, आणि मोठे झाड असल्यास जाणकाराचा सल्ला घ्यावा. जुन्या बांधकामावर सिमेंट थापणे किंवा तेलरंग लावणे ह्या उत्साहास आळा घालावा. डागडुजीचा विचार असल्यास पुरातत्त्व खात्यास विचारूनच हात घालावा.

खोल जागी उतरताना जिवाची काळजी आधी. वर्षानुवर्षे कुजलेला गाळ ढवळला की त्यातून विषारी वायू निघू शकतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी परीक्षा आहे, पण तिच्यावर विसंबू नये; सर्व वायू तिने कळत नाहीत, आणि काही पेट घेतात. एकट्याने उतरू नये, कमरेस दोर असावा, वर दोन माणसे लक्ष ठेवून असावीत. आत कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने तसेच खाली उडी घेऊ नये. विहिरीतील बहुतेक अपघातांत दुसरा व तिसरा बळी असाच जातो.

पहिल्या दिवशी गाव लोटते, चौथ्या दिवशी चार माणसे उरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. बक्षिसांनी हा प्रश्न काही काळ सुटतो. २०००-०१ पासून राज्यात राबवलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने खेड्यापाड्यांत विलक्षण चुरस निर्माण केली, आणि हजारो गावांनी स्वतःच्या श्रमाने आपले रूप पालटले. पण तपासणी समिती येऊन गेल्यावर अनेक ठिकाणी खराटे कोपऱ्यात गेले, हेही खरे आहे. मोठ्या संख्येचा उपयोग नाही असे नव्हे. एस्टोनिया ह्या युरोपातील चिमुकल्या देशात ३ मे २००८ रोजी सुमारे पन्नास हजार लोकांनी एका दिवसात रानावनांत टाकलेला दहा हजार टनांच्या आसपास कचरा गोळा केला. लोकसंख्येच्या मानाने शंभरातील साधारण चार माणसे. पाच हजार वस्तीच्या गावातून दोनशे माणसे येण्यासारखेच हे झाले, म्हणजे आवाक्याबाहेरचे काही नाही. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर २०१५ पासून अफरोझ शाह यांनी व त्यांच्या सोबत्यांनी दुसऱ्या टोकाचे काम केले. तेथे भरतीचे पाणी नवा कचरा रोज आणून टाकी. म्हणून ते आठवड्यामागून आठवडे येत राहिले. गावाला दोन्हींची गरज आहे: वर्षातून एकदा सर्वांचा मोठा दिवस, आणि दर आठवड्याला आळीआळीने थोडा वेळ. आठवड्याची पाळी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावावी. त्या दिवशी कचरा सर्वांत अधिक असतो आणि तो कोठून आला हे उघड दिसते.

आणि बारव उपसली की तिला काम द्यावे. तिचे पाणी पिण्यासाठी वापरू नये. उघड्या पाण्याची खात्री देता येत नाही. पण शाळेच्या आवारातील झाडे, पंचायतीची रोपवाटिका, बांधावर लावलेल्या चिंचा-कडुनिंबाची रोपे ह्यांना ते पाणी पुरते. लहान पंप बसवून पाणी वर आणावे, म्हणजे पायऱ्यांवर भांडी-कपडे धुण्याचा व साबणाचा उपद्रव होणार नाही. रोज कोणी तरी पाणी घेण्यास येऊ लागले की जुनी राखण परत आली असे समजावे.

ह्या उन्हाळ्यात ज्या गावांना हे काम हाती घ्यावयाचे असेल त्यांनी एक गोष्ट मृगापूर्वी अवश्य उरकावी. बारवेच्या काठावर उभे राहून गल्लीचे पाणी कोणत्या बाजूने तीत उतरते ते पाहावे, आणि त्या बाजूस एक हातभर खोल चर खणून ते पाणी वळवावे. नाही तर पहिल्याच वळवाच्या सरीत गल्लीतला सारा केर पुन्हा तळाशी जाऊन बसतो. चर खणण्यास चार माणसे व एक सकाळ पुरते.